कर्ता, करण आणि दैव

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या पुढील सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तिथी जून 2025 मध्ये जाहीर झाल्या. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण, 2 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट 2027 रोजी पहिली दोन अमृतस्नाने, तिसरे स्नान नाशिकला 11 सप्टेंबरला व त्र्यंबकेश्वरी 12 सप्टेंबरला, असा तो कार्यक्रम आहे. तिथींपाठोपाठ घाट, रस्ते, पूल, कॅमेरे, नियंत्रण कक्ष, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द वृत्तपत्रांतून येऊ लागले. हे सर्व हवेच आहे. परंतु पर्वणीच्या पहाटे रामकुंडाकडे उतरणाऱ्या एखाद्या अरुंद रस्त्यावर गर्दी दाटू लागेल, नियंत्रण कक्षातील पडद्यावर ती दिसू लागेल, तेव्हा ‘आता थांबवा’ असे कोण म्हणेल? आणि ते ऐकून श्रद्धेनेच थांबणारा समाज आपण घडवला आहे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही निविदेत मिळणार नाहीत.

27 ऑगस्ट 2003 हा दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. शाहीस्नानाच्या त्या दिवशी 39 भाविक चेंगरून मृत्युमुखी पडले. साधूंनी उधळलेली नाणी वेचण्यासाठी लोक पुढे झाले आणि कठडे मोडले, असे वृत्तांत त्या वेळी आले होते. पुढे दीड वर्षही लोटले नाही तोच, 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत वाईजवळच्या मांढरदेवी येथे जवळपास 300 जीव गेले. अरुंद चढण, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकाने आणि त्यात लागलेली आग. काळूबाईच्या दर्शनाला निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे परत आली नाहीत.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. स्वतःस विज्ञाननिष्ठ म्हणवणारा एक वर्ग म्हणतो, हे सारे श्रद्धेचे फलित, यात्राच नकोत. दुसरा वर्ग हात जोडून म्हणतो, देवाच्या मनात होते. तीर्थक्षेत्री मरण आले हेही भाग्यच. पहिल्याला समाज कळलेला नाही. हजारो वर्षे चालत आलेली यात्रा कोणाच्या अग्रलेखाने बंद होत नसते आणि होऊही नये. भाषा, जात, प्रांत यांच्या भिंती ओलांडून सामान्य माणसाला हा देश आपला वाटतो, तो या वाटांवरूनच. परंतु दुसऱ्या प्रतिक्रियेचा दोष अधिक गंभीर आहे, कारण ती धर्माच्या नावाने बोलते आणि धर्माने जे सांगितले नाही ते सांगते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे जेथे कर्म घडते ते स्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दैव नाकारलेले नाही, पण ते शेवटी ठेवले आहे. दैववादी मनुष्य पाचव्या कारणापासून आरंभ करतो आणि तेथेच संपवतो. आजचा तंत्रवादी मनुष्य तिसरे कारण, म्हणजे साधन, तेवढेच खरे मानतो. दोघांच्याही हिशेबात कर्ता गळतो. माहिती तंत्रज्ञान आणि श्रद्धा यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाचे उत्तर याच पाच कारणांच्या क्रमाने शोधता येईल.

अधिष्ठान : भूमीची धारणाशक्ती

रामकुंड, कुशावर्त, पंढरीचे वाळवंट, संगमाचा किनारा ही स्थाने अमर्याद पुण्याची असली तरी मर्यादित लांबी-रुंदीची आहेत. गोदाकाठच्या जुन्या वस्तीतील रस्ते वाडे आणि बैलगाड्यांच्या काळात आखले गेले. एका रस्त्यावरून एका तासात किती माणसे सुखरूप जाऊ शकतील, हे श्रद्धेवर नव्हे, तर त्याच्या सर्वांत चिंचोळ्या भागाच्या रुंदीवर अवलंबून असते.

ही मर्यादा मान्य करणे म्हणजे श्रद्धेला खीळ घालणे आहे काय? अमरनाथचा अनुभव पाहावा. ऑगस्ट 1996 मध्ये अवेळी आलेल्या हिमवादळात 200 हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची नोंदणी आणि संख्येवर मर्यादा यांवर भर दिला. पूर्वी मनात आले की निघावे अशी असलेली ही यात्रा नोंदणीची, आरोग्य तपासणीची आणि दिवसवार संख्येची झाली. त्याने अमरनाथवरील श्रद्धा कमी झाली असे कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्या परंपरेत याहून जुना दाखला नाशिकचाच आहे. अठराव्या शतकात स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तपात झाला. तेव्हा दोघांची स्नानस्थाने वेगळी झाली : वैष्णवांचे रामकुंड, शैवांचे कुशावर्त. आज ती व्यवस्था सर्वांना सनातन वाटते. प्रत्यक्षात ती जीवितरक्षणासाठी घेतलेल्या निर्णयातून आली आणि कालांतराने परंपरा बनली. आज घेतलेला योग्य निर्णयही उद्याची परंपरा होऊ शकतो.

करण : साधन काय करू शकते?

चेंगराचेंगरीचे शास्त्र आता बरेच उलगडले आहे. दर चौरस मीटरला चार माणसे असेपर्यंत मनुष्य स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकू शकतो. ही संख्या सहा-सातवर गेली की जमाव पाण्यासारखा वागू लागतो. त्यात लाटा उठतात, माणसे उचलली जातात, आणि पुष्कळांचा मृत्यू पायाखाली तुडवले गेल्याने नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास न मिळाल्याने होतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पुढे माणसे पडली आहेत हे मागच्यास ठाऊकच नसते. तो वाईट नसतो, उतावीळही नसतो. त्याला केवळ रांग पुढे सरकत नाही एवढेच दिसते आणि तो एक पाऊल पुढे टाकतो. म्हणजे मुळात ही माहिती न पोहोचल्याची आपत्ती आहे. पुढची वार्ता मागे पोहोचवणे हे माहितीचे काम आहे, आणि येथेच माहिती तंत्रज्ञानाचे खरे स्थान आहे.

या बाबतीत नाशिकने देशाला एक चांगले उदाहरण दिले आहे. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 2014-15 मध्ये ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला. त्यात निलय कुलकर्णी या शाळकरी वयाच्या नाशिककर मुलाने मित्रांसह एक साधी चटई तयार केली. तिच्यातील दाबसंवेदकांवर पाऊल पडले की नोंद होते आणि एका मिनिटाला किती माणसे गेली हे कळते. पावलांच्या आवाजासाठी असलेल्या जपानी शब्दावरून तिला ‘आशिओतो’ हे नाव दिले गेले. 2015 च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वापरली गेली.

मोजमाप नसले की काय होते तेही त्याच सिंहस्थात दिसले. 29 ऑगस्ट 2015 च्या पहिल्या पर्वणीला 2003 च्या धास्तीने बंदोबस्त इतका कडक ठेवला गेला की भाविकांना मैलोन्‌मैल चालावे लागले आणि अपेक्षित गर्दी झालीच नाही, अशी टीका झाली. पुढच्या पर्वण्यांना निर्बंध सैल करावे लागले. आकडा हाती नसेल तर प्रशासन एकतर गाफील राहते किंवा घाबरून अडवते. दोन्हींत भाविकाचेच हाल होतात.

वैष्णोदेवीला 1 जानेवारी 2022 रोजी 12 भाविक चेंगरून गेले. त्यानंतर त्याच वर्षी तेथे प्रत्येक यात्रेकरूस रेडिओलहरींवर चालणारे ओळखपत्र देण्यास प्रारंभ झाला, ज्यामुळे मार्गावर कोठे किती लोक आहेत हे समजू शकते. साधन असे बोलते. परंतु त्याच्या मर्यादाही त्याच स्पष्टपणे पाहिल्या पाहिजेत.

8 जानेवारी 2025 रोजी तिरुपतीत वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनांसाठी झालेल्या गर्दीत सहा भाविक गेले. टोकन ही रांगेतील गर्दी टाळण्यासाठीची व्यवस्था. पण तीच मिळवण्यासाठी दारात उभे राहावे लागले, तेव्हा गर्दी मंदिरापासून टोकनखिडकीवर सरकली इतकेच. त्याच महिन्यात, 29 तारखेस, मौनी अमावास्येच्या पहाटे प्रयागराजच्या संगमतटी चेंगराचेंगरी झाली. त्यात 30 जणांचा मृत्यू झाल्याचे प्रशासनाने सांगितले. त्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते, कृत्रिम बुद्धिमत्तेने गर्दी मोजणारी यंत्रणा होती, भव्य नियंत्रण कक्ष होता. कोट्यवधी लोकांचे स्नान निर्विघ्न पार पडले याचे श्रेय या व्यवस्थेला द्यायलाच हवे. परंतु ते 30 जीव आपल्याला हेही सांगून गेले की कॅमेरा पाहू शकतो, मोजू शकतो, इशारा देऊ शकतो. निर्णय घेऊ शकत नाही. इशारा आणि निर्णय यांमध्ये जी मिनिटे जातात, त्या मिनिटांत माणसे मरतात.

कर्ता : थांबण्याचे धैर्य

तो निर्णय कोणाचा? पहिला अर्थातच शासनाचा. परंतु लाखो भाविकांना ऐन पर्वकाळी ‘मागे फिरा’ असे सांगण्याचे नैतिक बळ पोलिसाच्या शिटीत नसते. ते धर्माच्या अधिकारात असते.

प्रयागला त्या पहाटे काय घडले ते स्मरावे. दुर्घटनेची वार्ता येताच आखाड्यांनी आपले अमृतस्नान प्रथम थांबवले. सामान्य भाविकांची गर्दी ओसरू दिली आणि नंतर मर्यादित स्वरूपात, लवाजमा आवरून स्नान केले. ज्या मानासाठी शतकांपूर्वी तलवारी निघाल्या, तो मान साधूंनी काही तास बाजूला ठेवला. यंत्रणेला जे जमले नसते ते वैराग्याने साधले. 2021 मध्ये हरिद्वारला महामारीच्या दुसऱ्या लाटेत 17 एप्रिल रोजी जुना आखाड्याने आपल्यापुरते कुंभाचे विसर्जन जाहीर केले. हा निर्णय आणखी काही दिवस आधी व्हायला हवा होता, हे म्हणणे रास्तच आहे. पण तो झाला तो श्रद्धेच्या अधिकारपदावरून, आणि म्हणूनच पाळला गेला.

महाराष्ट्राने तर याहून मोठा आदर्श घालून दिला. ‘वारी चुकू नये’ हे वारकऱ्याचे एकमेव मागणे. तरीही 2020 च्या आषाढीला वारकरी घरी थांबला. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसने, मोजक्या मंडळींसह पंढरीला गेल्या. दूरचित्रवाणीच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लाखो घरांत विठ्ठलदर्शन झाले. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती त्यांनी आपल्या अंगणात दिंडी काढली. हा निर्णय केवळ बंदी हुकमाने झाला असता तर त्यात कडवटपणा उरला असता. संप्रदायातील जाणत्यांनी तो स्वीकारला आणि समजावून सांगितला, म्हणून तो सेवा ठरला.

यातून निर्णयाची रीत दिसते. संसर्ग किती पसरला आहे ही माहिती विज्ञानाने दिली. काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही हे श्रद्धेने ठरवले. चालणे सुटले, नामस्मरण सुटले नाही. माहितीवाचून श्रद्धा आंधळी राहिली असती आणि श्रद्धेवाचून ती माहिती कोणी मानली नसती.

चेष्टा : दिंडीची शिस्त

समूहाच्या व्यवस्थेचे शास्त्र आपण परदेशातून शिकावे लागेल अशी स्थिती नाही. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी घडी घालून दिली, ती आजही चालते. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथापुढचे वा रथामागचे ठरलेले स्थान आहे, विणेकरी आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि अथांग जनसमुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन ती ऐकतो. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीची ही माहिती यंत्रणाच आहे, आणि तिचे सामर्थ्य कशात आहे? चोप उंचावला की थांबायचे हे प्रत्येकाने आपल्या भक्तीचाच भाग मानले आहे.

उद्याच्या सिंहस्थात नियंत्रण कक्षाची सूचना हा चोप व्हायला हवा. त्यासाठी करावयाचे काम यंत्रखरेदीपेक्षा मोठे आहे, आणि ते घराघरांतून, कार्यकर्त्यांकडूनच होऊ शकते.

पहिले काम पंचांगाचे आहे. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातील बारा अंशांचे अंतर. ती साधारण 19 ते 26 तासांची असते. सिंहस्थाचा काळ तर गुरूच्या वक्री गतीमुळे 24 जुलै 2028 पर्यंत लांबला आहे. म्हणजे ठरावीक घटकेलाच, ठरावीक पायरीवरच पाण्यात उतरले पाहिजे ही घाई शास्त्राने लादलेली नाही, ती ऐकीव समजुतीने लादली आहे. पंचांगकर्ते, पुरोहित आणि कीर्तनकार यांनी हे आतापासून सांगितले, तर गर्दीचा मोठा भार दिवसांवर आणि घाटांवर विभागला जाईल. पंचांग ही आपल्या घरातील पहिली माहिती यंत्रणा. आज ते संगणकावर अचूक गणित करून सिद्ध होते. त्यातील पर्वकाळाची माहिती गर्दीच्या माहितीशी जोडली, तर कोणी केव्हा निघावे हे प्रत्येक कुटुंबाला घरबसल्या ठरवता येईल.

दुसरे काम समूहाचे. एकट्या-दुकट्याने न जाता दिंडीसारखे पंधरा-वीस जणांचे गट करावेत, त्यात एकाने वाट पाहावी आणि एकाने माणसे मोजावीत. वृद्धांच्या खिशात नाव, गाव आणि संपर्क क्रमांक लिहिलेला कागद असावा, कारण गर्दीत भ्रमणध्वनीचे जाळे नेमके हवे तेव्हा कोलमडते. भेटीचे ठिकाण आधीच ठरलेले असावे.

तिसरे काम वाणीच्या संयमाचे. अफवा आता तोंडी पसरत नाही, बोटाच्या एका स्पर्शाने हजारोंना जाते. 27 जुलै 2025 रोजी हरिद्वारच्या मनसादेवी मार्गावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा विजेची तार पडल्याची अफवा कारणीभूत झाली असे सांगण्यात आले. सत्य पडताळल्याशिवाय न बोलणे हे तपच आहे. हे तप आता संदेश पुढे ढकलतानाही पाळावे लागेल.

चौथे काम अप्रिय आहे, पण सांगितले पाहिजे. विशेष व्यक्तींसाठी रांग थांबवणे, मार्ग बंद करणे, ओळखीने आत शिरणे, हे देवाच्या दारातील अधर्माचरण आहे. प्रतिष्ठितांसाठी अडवलेला प्रत्येक रस्ता सामान्यांच्या रस्त्यावरचा भार वाढवतो. आपल्या परिचयाचा उपयोग करून मागच्या दाराने दर्शन घेणारा कार्यकर्ता संगणकाने आखलेली सर्वोत्तम योजनाही मोडीत काढतो. ज्याला पद आहे, त्याने पर्वणीचा दिवस सामान्य भाविकासाठी सोडावा.

आणि पाचवे, ज्याच्या हाती भ्रमणध्वनी नाही त्याचे. नोंदणी, टोकन, वेळेची निश्चिती या सगळ्या सोयी ज्यांना वाचता येते, ज्यांच्याकडे साधन आहे, त्यांच्या. विदर्भातील एखाद्या पाड्यावरची आजी, बिहारातून बोचके घेऊन आलेला शेतकरी यांनी त्या कशा वापराव्यात? शेजारच्या मुलाने नोंदणी करून द्यावी, घाटावर तिच्या बोलीत घोषणा व्हावी, आणि नोंदणी नाही म्हणून तिला तुच्छतेने हाकलले जाऊ नये. तसेच यात्रेसाठी घेतलेली भाविकांची माहिती व छायाचित्रे यात्रेच्या कामापुरतीच राहावीत. भाविकाने ती विश्वासाने दिलेली असते. तो विश्वास म्हणजेही एक ठेव आहे.

दैव

एवढे सगळे केल्यावर जे उरते त्याला दैव म्हणावे. पाऊस अकस्मात येईल, पूर येईल, एखादा कठडा मोडेल. ते आपल्या हाती नाही आणि त्यापुढे नम्र होणे यात कमीपणा नाही. परंतु मोजता येत होते आणि मोजले नाही, दिसत होते आणि थांबवले नाही, ऐकू येत होते आणि थांबलो नाही, याला दैव म्हणणे हा देवावर घातलेला आळ आहे.

2015 च्या नाशिक सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. त्या यशात पोलिसांचा, स्वयंसेवी संस्थांचा, तरुण तंत्रज्ञांचा आणि शिस्तीने चाललेल्या भाविकांचा वाटा होता. 2027 मध्ये गर्दी त्याहून कितीतरी मोठी असेल. राज्य शासनाने कुंभमेळ्यासाठी 2025 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण उभे केले आहे. ते आपले काम करील. आपल्या वाट्याचे काम त्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. गावोगावच्या सप्ताहांतून, मंदिरांच्या सभामंडपांतून, गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून एक साधी गोष्ट लोकांच्या मनात रुजवावी लागेल : सूचना मिळताच जो जागीच थांबतो, मागच्याला थांबवतो आणि पुढच्याला श्वास घेऊ देतो, त्याचे स्नान तेथेच झाले. रामकुंडापासून अर्धा कोस दूर, कोरड्या रस्त्यावर उभे राहून गोदामाईला हात जोडणाऱ्या त्या भाविकाच्या पदरी कमी पुण्य पडते, असे कोणत्याही धर्मशास्त्राने म्हटलेले नाही.